आमच्या परसातले पेरू

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)



मेळाव्याचा फोन आला तेव्हा मला विषय सुचवला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी म्हटलं, त्याच्यावर मी रोज ऑफिसात बोलते आणि घरी गेल्यावर लेक माझ्या चुका काढते. मला भाजीपाल्यावर बोलू द्या. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना. मग उत्तर आलं, ‘बोल, पण वीस मिनिटांत आटप, तुझ्यामागे जेवण आहे.’ म्हणजे जेवणाच्या तोंडावर भाजीबद्दलच बोलायचं आहे, तेव्हा विषय अगदीच चुकला नाही.

आमचं घर तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. शाळेची मागची भिंत, मग बोळ, मग आमच्या परसाचं लाकडी दार. आत डाव्या हाताला आड, उजवीकडे धुण्याचा दगड, त्याच्या पाण्यावर अळू आणि केळी, आणि मधोमध दोन पेरू. मागच्या रांगेत आत्ताच हशा पिकलाय, त्यावरून कोणाकोणाला काय आठवलं ते कळलं. त्या पेरूंकडे मी येणारच आहे. आधी बाकीचं सांगते.

मी बागकाम शिकले ते पुस्तकातून नाही आणि हौसेनंही नाही. २०२० साली पाडव्याला आईकडे म्हणून मी आणि लेक सोलापूरला आलो आणि त्याच दिवशी देशाला कुलूप लागलं. दोन बॅगा घेऊन आलेलो आम्ही दीड वर्ष इथंच राहिलो. अण्णा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. परस वाळून गेलं होतं. दोन पेरूंपैकी एक त्यांच्या आधीच मर लागून गेला होता. आडावर पत्रा टाकलेला. काळ्या मातीला इतक्या रुंद भेगा पडलेल्या, की लेकीचा हात मनगटापर्यंत आत जायचा. भाजीवाले गल्लीत येणं बंद झालं, तेव्हा मी म्हटलं, एवढी जागा आहे, इंजिनीअर आहे, दोन मेथीच्या जुड्या उगवता येणार नाहीत का?

नाही आल्या. एप्रिलमध्ये सोलापुरात मेथी-कोथिंबीर पेरणारी मी पहिली नसेन, पण इतक्या आत्मविश्वासानं पेरणारी पहिलीच असेन. डब्यातले धने आख्खेच्या आख्खे मातीत टाकले. धना म्हणजे एक बी नाही, दोन बिया चिकटलेलं फळ असतं. ते चपलेखाली किंवा लाटण्याखाली हलकं रगडून दोन फाका करायच्या असतात, हे आईनं दहा दिवसांनी सांगितलं. आधी का नाही सांगितलंस, तर म्हणाली, ‘तू विचारलंस कुठं? तू तर लॅपटॉपला विचारत होतीस.’ आणि रगडले असते तरी त्या उन्हात काही खरं नव्हतं. तापलेल्या जमिनीत कोथिंबीर उगवतच नाही, आणि उगवलीच तर वीतभर होण्याआधी फुलावर येते.

मग भिंतीपलीकडच्या काकूंनी कागदाच्या पुडीत दोन प्रकारचं बी दिलं. एक गवारीचं, दुसरं त्या म्हणाल्या गोंगुऱ्याचं. आई म्हणाली, अगं, ही तर अंबाडी. आणि कोपऱ्यावरच्या आजी कन्नडमधून म्हणाल्या, पुंडी. सोलापुरात एका भाजीला तीन भाषांत तीन नावं, आणि तीन घरांत तिची तीन तऱ्हेनं भाजी होते. हे बी मात्र उन्हाला बधलं नाही. मला पहिला धडा तिथं मिळाला: आपल्याला काय खायचंय ते पेरायचं नसतं, त्या महिन्याला काय झेपतं ते पेरायचं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी, वांगी, अंबाडी. फेब्रुवारीत पेरलं की ऊन कडक होईपर्यंत मुळं खोल जातात. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक हे सगळं दिवाळीच्या आगेमागे. आपल्या आया हे न शिकता जाणत होत्या. आपण बारा महिने सगळं मिळणाऱ्या दुकानांत वाढलेल्या मुलांचे आईबाप, म्हणून आपल्याला ते नव्यानं शिकावं लागतं.

टोमॅटोचं मी ऐकलं नाहीच. २०२१ मध्ये जानेवारीअखेर रोपं लावली. झाडं अशी फोफावली की मी फोटो काढून पुण्याला नवऱ्याला पाठवले. एप्रिलमध्ये फुलांनी लगडली. आणि एकही फळ धरेना. फूल पिवळं होतं, देठाशी वाळतं, गळून पडतं. मी खतं टाकली, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं. कारण साधं निघालं. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रही गार होत नसेल तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात. रात्री अंगणात आपल्याला झोप लागत नाही, तशीच गत त्याचीही. त्याला खत घालून काय उपयोग? जून उजाडल्यावर तीच झाडं फळं देऊ लागली, पण तोवर निम्मी मी रागानं उपटली होती.

दोडक्याची गोष्ट मात्र मला आवडते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. मृगात लावलेला वेल मांडवभर पसरला, फुलं आली, मागे बोटभर दोडके दिसू लागले आणि पिवळे पडून गळू लागले. मी वाचलं होतं की नरफुलाचे पराग मादीफुलाला हातानं लावायचे. मादीफूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलासा दोडका असतो. रोज सकाळी आठला ब्रश घेऊन जायची. फुलं मिटलेली. जबरदस्तीनं उघडून लावायची, तरी गळायची. शेवटी मी जे ऑफिसात करते ते केलं: वहीत तास घालून नोंदी लिहायला लागले. कुठलं फूल कधी उघडं दिसलं, कधी मिटलं. तिसऱ्या दिवशी उत्तर कागदावर होतं. दोडक्याचं फूल उघडतं संध्याकाळी! दुधीचंही तसंच. भोपळ्याचं आणि घोसाळ्याचं पहाटे. एकाच मांडवावर दोन पाळ्या चालू असतात आणि मी सगळ्यांना सकाळच्या पाळीत हजर धरत होते. अमेरिकेची माझी रोजची मीटिंग संध्याकाळी साडेसहाला असायची. तेव्हापासून कानात हेडफोन, हातात ब्रश आणि तोंडानं ‘येस, आय ॲग्री’ असं चालायचं. त्या वर्षी आम्ही दोडके बोळातल्या सगळ्या घरांत वाटले, आणि शिरांची चटणी इतकी झाली की लेक आजही दोडका म्हटलं की पानावरून उठते.

आता माझी लाज निघालेली गोष्ट. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. उजनी भरलेलं असलं तरीही. बाहेरगावी स्थायिक झालेल्या मंडळींना सांगते, अजूनही तसंच आहे. त्यामुळे आमच्याकडे दोन हजार लिटरची टाकी आहे आणि ती आईच्या जीवनाचा आधार आहे. मी मातीतली ओल मोजणारा सेन्सर आणला, त्याला बारकी मोटर जोडली, प्रोग्रॅम लिहिला: ओल इतक्याखाली गेली की मोटर चालू, वर गेली की बंद. मुंबईतल्या मैत्रिणीला व्हिडिओ पाठवला. तिसऱ्या रात्री टाकी रिकामी. झालं असं की काळी माती वाळताना आक्रसते, सेन्सरच्या पातीभोवती भेग पडली, पातीला मातीऐवजी हवा लागली, आणि सेन्सर इमानदारीत सांगत राहिला: कोरडं आहे, कोरडं आहे. मोटर रात्रभर चालली. पाणी यायला अजून चार दिवस होते. काकूंच्या घरातून आम्ही घागरींनी पाणी आणलं. आई मला एक अक्षर बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. पाचव्या दिवशी टाकी भरल्यावर तिनं माझं बोट धरलं, वाफ्यात दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं आणि म्हणाली, ‘हे तुझं यंत्र.’

पाण्याचं नंतर मी जे केलं ते सगळं जुनंच आहे. बिनचकाकीची मडकी गळ्यापर्यंत पुरायची, तोंडावर झाकणी, आत पाणी. ते पाझरत राहतं आणि मुळं आपणहून त्याच्याकडे येतात. वांग्याच्या चार झाडांत एक मडकं पुरतं, दोन दिवसांआड भरलं की झालं. रसवंतीवाला उसाची चिपाडं फुकट देतो, उलट उचलून नेली म्हणून बरं वाटतं त्याला. ती दोन दिवस उन्हात वाळवून आळ्यात चांगली वीतभर पसरायची, न वाळवता टाकलीत तर मुंग्यांची जत्रा भरते. आणि छताचं पाणी आडात सोडलं. हजार चौरस फुटांच्या छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी नव्वद लिटर होतात. हा हिशेब मी पाइपवाल्याला करून दाखवला, तर तो म्हणाला, ‘ताई, हे माहीतय, पन्हळ कुठं लावायची ते सांगा.’

डाळिंबावर मी बोलणार नाही. सोलापूरचं डाळिंब जगात जातं, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि माझ्या दोन झाडांना तेल्या लागून मी ती तोडली. विषय संपला.

आता पेरू.

परस नीट करताना मला अण्णांच्या डायऱ्या सापडल्या. खिशातल्या, दरवर्षी किराणा दुकानातून मिळायच्या त्या. तुम्हाला आठवत असेल, अण्णा गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळे झाडांचंही तसंच लिहिलेलं. ‘पाणी बंद.’ ‘पानगळ सुरू.’ ‘आळी खणली, शेणखत ४ पाट्या.’ ‘पहिला पाऊस.’ ‘कळी.’ पुढे तारखा. मी आयुष्यात वाचलेलं सगळ्यात स्वच्छ डॉक्युमेंटेशन ते आहे.

‘पाणी बंद’ म्हणजे काय ते आधी सांगते. पेरूला वर्षातून तीनदा फुलायची हौस असते. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. तिन्ही येऊ दिले तर तिन्ही अर्धवट. आंबे बहाराचे पेरू पावसाळ्यात पिकतात, पाणचट लागतात आणि फळमाशी त्यांच्यात अंडी घालते. पेरू कापला की वळवळ. मृगाला फुललेले पेरू मात्र थंडीत तयार होतात, घट्ट, गोड, वासाचे. म्हणून उन्हाळ्यात झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. दीड-दोन महिन्यांनी मृगाच्या तोंडावर आळी खणायची, खत द्यायचं, पाणी सोडायचं, की झाड नव्या फुटीवर फुलून येतं. आमचे पेरू सरदार जातीचे, ज्याला लखनौ-४९ असंही म्हणतात. नावात लखनौ असलं तरी त्याची निवड झाली आपल्या पुण्यात, गणेशखिंडच्या बागेत, डॉ. जी. एस. चीमांच्या हातून.

मला हे लहानपणी माहीत नव्हतं. १९९८ च्या एप्रिलमध्ये मी इंजिनीअरिंगच्या सुट्टीत घरी आले होते. पेरू वाळत चाललेले, अण्णा त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हते. मला वाटलं, गिरणी बंद पडल्यापासून त्यांचं मनच उडालंय. मी पंधरा दिवस रात्री सगळे झोपल्यावर आडाचं पाणी शेंदून दोन्ही झाडांना घातलं. झाडं हिरवी झाली, फुललीसुद्धा. मी खूश होऊन कॉलेजला परत गेले. त्या वर्षीचे पेरू ऐन पावसाळ्यात आले, किडके, आणि थंडीत झाडावर काही नव्हतं. डायरीत त्या वर्षी लिहिलंय: ‘बहार मृगाआधी फुटला. कारण कळेना.’ पुढे एक प्रश्नचिन्ह. अण्णांनी प्रश्नचिन्ह काढलेली ती एकच जागा मला सापडली. ते वीस वर्षं त्यानंतर होते. मी त्यांना सांगू शकले असते.

आणि आता ते, ज्याच्यासाठी खरं तर मी हा विषय मागून घेतला.

आपण दहावीला होतो ते १९९४-९५ चं वर्ष. त्या वर्षी अण्णांची गिरणी बंद पडली. तुमच्यातल्या आणखी काही घरांतही तेच झालं, त्यांना त्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? अण्णा पगाराची थकबाकी मिळेल म्हणून वाट बघत होते. घरात भाजी परसातली होती, अळू, शेवगा, वांगी, आणि त्यामुळे आम्ही उपाशी राहिलो असं मुळीच नाही. पण रोख पैसा म्हणाल तर तो होता पेरूंचा. शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत एक मावशी पाटीत पेरू घेऊन बसायच्या, चार फाका करून तिखट-मीठ लावून द्यायच्या, आठवतंय ना? ते पेरू आमचे होते. अण्णा पहाटे उजाडायच्या आत तोडून त्यांच्या घरी पोचवून यायचे, डझनाला पाच रुपयांनी. माझी बोर्डाची परीक्षा फी त्यातून भरली गेली.

हे मी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही. मला वाटायचं, मावशींच्या पाटीशी उभं राहून तुम्ही पेरू खाताय आणि कोणीतरी म्हणेल, ‘अरे, हे तर हिच्या बापाचे.’ मी ती सुट्टी वर्गात बसून काढायची. अभ्यासू मुलगी असा माझा लौकिक झाला तो त्यातून, बाईंनी माफ करावं.

आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की तुम्ही आठ-दहा जण बोळातून आमच्या परसात शिरायचात. तुम्हाला अजून वाटतंय की तुम्ही चोरून शिरत होता. परसाच्या दाराला आतून कडी होती. ती शनिवारी उघडी असायची, कारण ती मी काढून ठेवायची. शुक्रवारी रात्री. माझं डोकं असं चालायचं: ज्यांच्या घरी पेरू फुकट तोडू देतात, ते पेरू विकत असतील असा संशय कोणाला येणार? म्हणजे अण्णा पहाटे उठून जे डझन मोजत होते, त्यातले मी आठवड्याला एक-दीड डझन वाटून टाकत होते, माझी अब्रू राखायला. पंधरा-सोळाव्या वर्षी माणूस काय हिशेब करतं! मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं की त्यांना पत्ता नव्हता.

१९९४ ची डायरी मला २०२० च्या जूनमध्ये मिळाली. नोव्हेंबरपासून रोजच्या नोंदी: ‘मावशी, ४ डझन.’ ‘मावशी, ५ डझन.’ आणि दर शनिवारी खाली वेगळी ओळ. ‘पोरं, १४.’ ‘पोरं, ११.’ ‘पोरं, १७, एक फांदी मोडली.’

फळं मोजून ठेवलेली. टाइमकीपरच तो. शुक्रवारी संध्याकाळी झाडावरची मोजायची, शनिवारी परत मोजायची, वजाबाकी लिहायची. कडी कोण काढतं हेही त्यांना कळलं असणार, कारण घरात माणसं होती चार, दादा तेव्हा पुण्याला होता आणि आईचा हात त्या कडीला पोचत नव्हता. जानेवारीत एक नोंद आहे: ‘खालच्या फांद्यांचे तोडले नाहीत, उद्या शनिवार.’

मी आईला विचारलं, अण्णा कधी काही बोलले का. आई शेंगा फोडत होती. म्हणाली, ‘मी म्हणायची, दाराला कुलूप लावा. तर म्हणायचे, एवढी पोरं घरी येतात, वरच्या फांदीवर चढून कोणी पडलं म्हणजे? खालचे राहू दे.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि तुझ्याकडे यायचं कोण एरवी?’ हे तिचं स्वतःचं होतं की अण्णांचं, मी विचारलं नाही.

ज्याने ती फांदी मोडली तो इथं बसलेला आहे. मला तारीख माहीत आहे, १० डिसेंबर. घाबरू नकोस. झाडाची फांदी मोडली की तिथून दोन फुटतात. तुझ्या फांदीच्या जागेवरून फुटलेल्या दोन्ही फांद्या आज मनगटाएवढ्या जाड आहेत, उरलेल्या झाडावरचे सगळ्यात चांगले पेरू त्यांच्यावरच लागतात आणि त्या टेबलावरची टोपली त्यांचीच आहे.

ही टोपली शेवटची म्हणता येईल. आईचे गुडघे गेलेत, आडाच्या पायरीवर ती दोनदा पडली. ती आता माझ्याकडे पुण्याला येतेय. दादाशी बोलून आम्ही घर विकायचं ठरवलं आणि गणपतीनंतर विसारपावती झाली. मार्चअखेर ताबा द्यायचा आहे. तिथं चार मजले उठतील. घेणारा माणूस सभ्य आहे, त्यानं झाड ठेवता येईल का याचा नकाशाही करून पाहिला, पण आडाची आणि झाडाची जागा बरोबर मधोमध येते. कोणी मला म्हणेल, मग एवढं बाग-बाग कशाला बोलतेस, विकू नकोस. मी पुष्कळ रात्री तो विचार केला. बंद घरात चार महिन्यांत परस परत भेगाळतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आईला त्या आडाशी एकटी ठेवून मी पुण्यात पेरूच्या आठवणी काढणं मला जमणार नाही. मी सही केली. सही करताना हात थरथरला वगैरे काही नाही, पण त्या संध्याकाळी मी परसात गेले नाही.

सही व्हायची होती तेव्हाच, जुलैमध्ये, मी एक काम करून ठेवलं होतं. झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निवडल्या. प्रत्येकीची इंचभर रुंद साल गोल काढली, आतलं लाकूड चाकूनं खरवडलं, भिजवून पिळलेलं शेवाळ त्याच्याभोवती लावलं आणि वर प्लॅस्टिक करकचून बांधलं. याला गुटी म्हणतात. पानांनी तयार केलेलं अन्न खाली जाऊ शकत नाही, ते कापाशी साठतं आणि तिथून मुळं फुटतात. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली. मग त्याच्या खाली कापून पिशवीत लावल्या. बेचाळीस बांधल्या होत्या, त्यातल्या एकतीस जगल्या. बियांपासून केलेलं झाड कसं निघेल सांगता येत नाही, पण गुटीचं झाड म्हणजे तेच झाड.

त्या एकतीस पिशव्या मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या माठाजवळ ठेवल्या आहेत. जेवून झाल्यावर न्या. गाडीत डिकीत टाकू नका, पायाशी ठेवा, वाटेत गरम होतात. पुणे-मुंबईची फ्लॅटवाली मंडळी, तुम्हाला पेरू कुंडीत होणार नाही असं कोणी सांगेल, ऐकू नका. रंगाच्या वीस लिटरच्या डब्याला खाली भोकं पाडून होतो, फक्त दरवर्षी छाटावा लागतो आणि दुपारपर्यंत ऊन पाहिजे. परदेशातल्या चौघांना झाड नेता येणार नाही, त्यांच्यासाठी पेरूची जेली केली आहे, पण तीही चेक-इन बॅगेत घाला, नाहीतर विमानतळावर काढून घेतील. पहिली दोन वर्षं ताण द्यायचा नाही, रोप लहान असतं. नुसतं आठवड्याला दोनदा पाणी, आणि पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाकायची, कितीही जिवावर आलं तरी. तिसऱ्या वर्षापासून मात्र मार्च संपला की पाणी तोडा, आणि घरातलं कोणी रात्री उठून चोरून पाणी घालत नाही ना, तेवढं बघा.

पिशव्यांवर आकडे टाकलेत, १ ते ३१. ज्याने फांदी मोडली त्याच्यासाठी १७ नंबरची बाजूला काढून ठेवली आहे. बाकीच्यांनी भांडू नका, सगळ्या सारख्याच आहेत. मोठ्या सरांनी आणि बाईंनी आधी निवडाव्यात. आणि नेताना शेजारच्या वहीत नाव आणि नंबर लिहा. मी टाइमकीपरची मुलगी आहे, पुढच्या मृगाला फोन करून विचारणार आहे.